भूजलातील कोळंबी आणि क्षारांचा हिशेब

हरियाणा, पंजाब व राजस्थानातील कालव्यांच्या प्रदेशात भूजलाची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. गहू-कापसाच्या शेतांवर पांढरा थर चढला, विहिरींचे पाणी पिण्यास व सिंचनास निरुपयोगी ठरले. देशातील क्षारबाधित जमिनीचे क्षेत्र सुमारे ६७.३ लाख हेक्टर आहे. या पडीक क्षेत्राचा काही भाग आज व्हेन्नामी कोळंबीमुळे पुन्हा उत्पन्न देऊ लागला आहे. मुंबईत वर्सोवा येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतकजवळील लाहली केंद्रावर झालेल्या संशोधनाचा यात मोठा वाटा आहे.

मात्र या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्याच हंगामात एक कोडे पडते. रिफ्रॅक्टोमीटर १० पीपीटी क्षारता दाखवतो, सामू योग्य असतो, प्राणवायू पुरेसा असतो, बीजही नोंदणीकृत उबवणी केंद्रातून आलेले असते. तरीही सोडल्यानंतर काही दिवसांतच बीज सुस्तावते, खाद्य घेत नाही आणि तळाशी मृत आढळू लागते. अशा वेळी संशय प्रथम रोगावर जातो आणि औषधांवर खर्च होतो. अनेकदा दोष पाण्यातील क्षारांच्या आपसांतील प्रमाणात असतो.

खारे पाणी आणि समुद्राचे पाणी

क्षारतामापक पाण्यात एकूण क्षार किती आहेत, एवढेच सांगतो. कोणते क्षार किती, हे सांगत नाही. ३५ पीपीटी क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सोडिअम सुमारे १०,८०० मिलिग्रॅम, मॅग्नेशिअम १,३००, कॅल्शिअम ४१० आणि पोटॅशिअम ४०० मिलिग्रॅम असते. म्हणजे सोडिअम व पोटॅशिअम यांचे गुणोत्तर साधारण २७:१, तर मॅग्नेशिअम व कॅल्शिअम यांचे ३:१ असते.

भूजलाची घडण वेगळी असते. जमिनीतून झिरपताना पाण्यातील पोटॅशिअम चिकणमातीच्या कणांना धरून राहते. त्यामुळे वर उपसलेल्या खाऱ्या पाण्यात सोडिअम व क्लोराइड भरपूर, कॅल्शिअम बहुधा पुरेसे, मॅग्नेशिअम ठिकाणानुसार कमी-अधिक आणि पोटॅशिअम अत्यल्प असते. चवीला दोन्ही पाणी सारखेच खारट लागते. कोळंबीच्या शरीराला मात्र हा फरक तत्काळ जाणवतो.

कोळंबीच्या कल्ल्यांमध्ये सोडिअम-पोटॅशिअम एटीपीएज नावाचे विकर असते. शरीरातील व बाहेरील क्षारांचा समतोल राखण्याचे काम ते करते आणि त्यासाठी त्याला पोटॅशिअम लागते. ते अपुरे पडले की कोळंबीची ऊर्जा वाढीऐवजी केवळ तग धरण्यात खर्ची पडते. कोळंबी ही कीटकांप्रमाणेच संधिपाद संघातील असल्याने कात टाकूनच वाढते. जुने कवच गळून नवे कठीण होईपर्यंतच्या काळात ती पाण्यातून कॅल्शिअम व मॅग्नेशिअम शोषून घेते. खनिजांचा असमतोल असलेल्या तलावात म्हणूनच कात टाकण्याच्या काळात मर वाढते. शेपटी आखडणे व स्नायू पांढुरके दिसणे हीदेखील या असमतोलाची लक्षणे असू शकतात.

मीठ वाढवून काय होते?

क्षारता कमी भरली की साधे मीठ टाकावे, असा सल्ला कधी कधी दिला जातो. साध्या मिठातून मिळते ते सोडिअम व क्लोराइड. त्याने मापकावरील आकडा वाढतो, पण पोटॅशिअम होते तेवढेच राहते आणि आधीच बिघडलेले गुणोत्तर आणखी बिघडते.

दुसरा मार्ग तयार कृत्रिम समुद्रमिठाचा. घरातील प्रवाळ-मत्स्यालयासाठी तो योग्यच ठरतो. २०० लिटरच्या टाकीत ३५ पीपीटी क्षारता आणण्यास ७ किलोच्या आसपास मीठ पुरते. शेतकऱ्याने अर्ध्या हेक्टरच्या, सरासरी १.२ मीटर खोलीच्या तलावाचा विचार करावा. त्यात ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी असते. गोड्या पाण्यापासून तेथे १० पीपीटी क्षारता निर्माण करायची तर सुमारे ६० टन मीठ लागेल. म्हणून तलावासाठी जे कमी आहे तेवढेच मोजून भरणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

किती व कसे द्यावे?

पहिली पायरी म्हणजे प्रयोगशाळेत पाण्याची आयननिहाय तपासणी. सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, क्लोराइड, सल्फेट व क्षारीयता हे घटक अहवालात असलेच पाहिजेत. त्यानंतर समुद्राच्या प्रमाणाशी तुलना करावी. क्षारतेच्या दर १ पीपीटीमागे लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम पोटॅशिअम, १२ मिलिग्रॅम कॅल्शिअम व ३७ मिलिग्रॅम मॅग्नेशिअम, हे समतुल्य प्रमाण होय.

वरील तलावात क्षारता १० पीपीटी व पोटॅशिअम लिटरला २० मिलिग्रॅम आहे, असे समजू. समतुल्य मात्रा ११० मिलिग्रॅम होते. पोटॅशिअम किमान निम्म्या समतुल्य मात्रेपर्यंत, म्हणजे ५५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचे ठरविल्यास तूट ३५ मिलिग्रॅमची, अर्थात दर घनमीटरला ३५ ग्रॅमची आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशिअम जवळजवळ ५० टक्के असते. त्यामुळे दर घनमीटरला ७० ग्रॅम व संपूर्ण तलावास ४२० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागेल. पूर्ण समतुल्य मात्रा गाठायची असल्यास हाच आकडा १,०८० किलोवर जातो. लक्ष्य कोणते ठेवावे, हे पाण्याचा अहवाल, बीजाची घनता व खर्च पाहून तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे.

मॅग्नेशिअमची तूट असल्यास मॅग्नेशिअम क्लोराइड किंवा मॅग्नेशिअम सल्फेट वापरता येते. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकरूपात पहिल्यात सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे १० टक्के मॅग्नेशिअम असते.

खनिजे प्रथम पाण्यात विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत, एरेटर चालू असताना तलावभर पसरावीत. तलावाच्या तळाची चिकणमातीही पोटॅशिअम ओढून घेते, त्यामुळे दिलेली सर्व मात्रा पाण्यात टिकत नाही. मात्रेनंतर काही दिवसांनी आणि पुढे हंगामभर ठरावीक अंतराने तपासणी करून तूट भरून काढावी.

पिशवीवरील मजकूर वाचावा

‘मिनरल मिक्स’ या नावाने अनेक उत्पादने विकली जातात. खरेदीपूर्वी प्रत्येक मूलद्रव्याची टक्केवारी पाहावी. ती छापलेली नसेल तर उत्पादन घेऊ नये. खताच्या पिशवीवरील ६० टक्के हा आकडा पोटॅशिअम ऑक्साइडचा असतो, त्याला ०.८३ ने गुणल्यास पोटॅशिअमचे प्रमाण मिळते. वरील उदाहरणात २१० किलो पोटॅशिअम हवे आहे. त्यासाठी ५ टक्के पोटॅशिअम असलेले मिश्रण ४,२०० किलो लागेल. प्रतिकिलो पिशवीचा दर न पाहता प्रतिकिलो पोटॅशिअमचा दर काढला की स्वस्त काय व महाग काय, हे लगेच स्पष्ट होते.

बीज सोडण्यापूर्वी

मात्रा दिल्यानंतरही थेट संपूर्ण बीज सोडू नये. त्याच तलावाच्या पाण्यात, एका टबात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात शंभरेक बीज ४८ ते ७२ तास ठेवावे. मर नगण्य असेल तरच पुढे जावे. उबवणी केंद्रे समुद्रकिनारी असल्याने तेथील पाणी अधिक खारे असते. त्यामुळे बीजाला तलावाच्या पाण्याची सवय हळूहळू लावणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षारता चढते व पावसाने उतरते, हे लक्षात ठेवून नोंदी ठेवाव्यात. उत्तरेत थंडीपूर्वी पीक काढून घ्यावे.

महाराष्ट्रात अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांनाही या प्रयोगांविषयी कुतूहल आहे. तेथे हरियाणातील मात्रा जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरेल. प्रत्येक विहिरीचे पाणी वेगळे असते. म्हणून तलाव खोदण्यापूर्वी पाण्याची तपासणी व राज्य मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी, हा क्रम सोडू नये.

काढणीनंतरचे खारे पाणी कालव्यात, ओढ्यात वा शेजारच्या शेतात सोडता कामा नये. ते साठवण तलावात राखून पुढील हंगामात वापरावे. असे केल्यास त्यातील पोटॅशिअमही वाया जात नाही आणि क्षारांनी एकदा गमावलेली जमीन शेजाऱ्याच्या बांधापलीकडे वाढत नाही.