भाड्याचं घर : ओल कुणाची?

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याहून एका शिक्षकांचं पत्र आलंय आणि भांडण माझ्या आवडीचं आहे. पूर्णेकाठच्या या गावात त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. पावसाळा सरता सरता पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. मालक म्हणतात, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरातच वाळत घालता." गुरुजी म्हणतात, "भिंतच ओली आहे." दुरुस्ती करून भाड्यातून पैसे कापू का, असं ते विचारतात.

गुरुजी, आधी पाणी कुठून येतंय ते बघा. बुरशी नुसती पुसून जात नाही, पाणी तुटलं की जाते. स्लॅबमधून गळत असेल तर डाग छताशी सुरू होतो आणि पावसागणिक पसरतो. जोत्यातून ओल चढत असेल तर खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो. जोत्यावर ओल अडवणारा थर न घातलेल्या घरांचं हे जुनंच दुखणं. तिसरं पाणी घरातलंच : स्वयंपाकाची, अंघोळीची, ओल्या कपड्यांची वाफ. ती कपाटामागं, कोपऱ्यात, गार भिंतीवर बसते. तिथं लोणा नसतो, नुसते काळे ठिपके.

तरी वाद मिटत नसेल तर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर तुकडा घ्या. भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं पक्का लावा आणि दोन दिवस राहू द्या. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर वाफ तुमची. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतलं. हे मालकांना शेजारी उभं करूनच करा. निम्मं भांडण तिथंच संपतं.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ सांगतं की, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पण हा कायदा अनुसूचीत नोंदलेल्या भागांपुरता, म्हणजे मुख्यतः शहरांपुरता आहे. बाकी ठिकाणी १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम १०८ही खर्च कापू देतं, पण जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे तिचाच. ते बंधन कुठून येणार? बहुधा करारातून. आणि गावाकडं करार बहुतेकदा तोंडी!

म्हणून गुरुजी, भाडं कापू नका. तारखेसकट फोटो काढा, मालकांना साध्या कागदावर कळवा, पोच घ्या. 'छत, भिंती व नळाची दुरुस्ती मालकाकडे' एवढी एक ओळ दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. आणि पाण्याची वाट बंद होईपर्यंत रंगाचा हात मारू देऊ नका. ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही, वर पुरावा झाकला जातो तो वेगळाच.