जीर्ण कागदांचा कारभार

कागद जितका जुना तितका तो अधिक जीर्ण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. जुन्या हातकागदावरील मोडी दस्तऐवज दोन-अडीचशे वर्षांनंतरही उलगडता येतात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापले गेलेले कित्येक ग्रंथ पान उलटताच तुटू लागतात. लगद्यातील द्रव्ये आणि कागद घट्ट करण्यासाठी वापरलेली तुरटी-राळ यांतून निर्माण होणारे आम्ल त्या कागदाला आतून खात असते.

ही गोष्ट ठाणे-कल्याणकरांना विशेष लागू पडते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. अशा संस्थांची हयात नेमकी या आम्लधर्मी कागदाच्या युगातली आहे. हा ठेवा राखावा कसा, याचा धडा मोठ्या कलासंग्रहालयाच्या कागद-संवर्धन विभागाकडून घेण्याजोगा आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील लघुचित्रेही कागदावरचीच. अशा संग्रहाच्या संवर्धनप्रमुखाचे काम म्हणजे फाटके सांधणे, असे आपण समजतो. सांधण्याचे कौशल्य हवेच. शाई पाण्याने पसरते की काय हे आधी तपासायचे, गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि तलम जपानी कागद वापरायचा, केलेला उपचार पुढे कोणास काढून टाकता येईल असा ठेवायचा आणि प्रत्येक कृतीची नोंद करायची, ही या शास्त्राची शिस्त आहे. परंतु प्रमुखाची खरी कसोटी लागते ती निवड करताना. हजारो कागद दुखणाईत असतात आणि हात मोजके असतात. आधी कोणता कागद घ्यायचा, कोणता केवळ पेटीत सुरक्षित ठेवायचा आणि कोणत्या प्रदर्शनाला स्पष्ट नकार द्यायचा, हे त्याला ठरवावे लागते. शंभर पाने दुरुस्त करण्यापेक्षा कोठारातील दमटपणा आवरल्याने हजारो पाने वाचतात, हे व्यवस्थापनाला पटवून देणे हाही त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

खाडीकाठच्या आपल्या हवेत तर ते अधिकच निकडीचे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. कसर आणि वाळवी टपलेलीच असतात. २६ जुलै २००५ च्या महापुराने कल्याण परिसराला पाण्याचीही जरब दाखविली. ओला ग्रंथ म्हणजे लगदा नव्हे, हे १९६६ च्या पुरानंतर इटलीतील फ्लॉरेन्स शहराने लाखो ग्रंथ चिखलातून बाहेर काढून सिद्ध केले. मात्र त्यासाठी काय करावे हे जाणणारा माणूस वेळेवर हाताशी असावा लागतो.

सर्व ग्रंथांची संगणकीय छायाचित्रे घेतली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. ती अवश्य घ्यावीत. तथापि ठिसूळ पान यंत्राखाली ठेवण्यापूर्वी त्याला आधार देणारा जाणता हात लागतो. शिवाय कागदाची जात, बांधणी आणि समासातील हस्ताक्षर यांची साक्ष छायाचित्रात पुरती उतरत नाही.

प्रत्येक वाचनालयाला स्वतंत्र प्रयोगशाळा परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु जिल्ह्यातील जुन्या ग्रंथालयांनी मिळून एक विभाग उभारणे आणि त्यावर प्रशिक्षित प्रमुख नेमणे अशक्य नाही. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ साली स्थापन झाली. प्रशिक्षणाची वाट तेव्हापासून देशातच खुली आहे. ठाणे-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांना हा एक नवा व्यवसाय ठरेल.

तोपर्यंत निदान एवढे पथ्य आपण पाळावे : फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, आजोबांच्या सनदेवर प्लास्टिकचे कायमचे आवरण चढवू नये आणि ग्रंथांचे कपाट ओल्या भिंतीला टेकवू नये. अज्ञानाने केलेली दुरुस्ती निस्तरण्यातच संवर्धकाचा कितीतरी वेळ खर्ची पडतो.