नवें घर आधीं, जुनें मागाहून

इंग्लंडांत घर बदलणारा गृहस्थ बहुधा एकाच दिवशीं जुनें घर विकतो व नवें ताब्यांत घेतो. परंतु त्याचा ग्राहकही दुसऱ्या कोणाला आपलें घर विकत असतो. अशी चार-पांच घरांची साखळी जुळते आणि तींतील एक कडी निसटली कीं सर्वांचाच बेत कोसळतो. अशा वेळीं मनाजोगतें घर हातचें जाऊं नये म्हणून कर्ज काढून तें आधीं घ्यावें व जुनें सावकाश विकावें, हा विचार सहज सुचतो. तो अयोग्य नव्हे. मात्र त्याला लागणारा कर आधीं समजून घेतला पाहिजे. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत, म्हणून हा विषय येथें मांडतों.

तेथें घराच्या खरेदीवर 'स्टँप ड्यूटी लँड टॅक्स' हा कर ग्राहकास भरावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर कांहीं नाहीं, पुढें २,५०,००० पर्यंत शेंकडा २ व त्यापुढें ९,२५,००० पर्यंत शेंकडा ५ असे दर आहेत. म्हणजे चार लक्ष पौंडांच्या घरावर १०,००० पौंड. पण खरेदीचा दिवस मावळतांना ग्राहकाचें दुसरेंही घर असेल, तर संपूर्ण किंमतीवर आणखी शेंकडा ५ अधिभार पडतो. तो याच घरावर २०,००० पौंड होतो! २०१६ सालीं हा अधिभार शेंकडा ३ होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ झाला. जुनें घर विकावयाचेंच आहे, हा मनांतील हेतु त्या दिवशीं कोणी विचारांत घेत नाहीं. सगळी रक्कम चौदा दिवसांत भरावयाची.

हा अधिभार परत मिळूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नवें घर स्वतः राहण्यासाठीं घेतलेलें असावें. जुनें घर खरेदीपूर्वींच्या तीन वर्षांत केव्हां तरी आपलें मुख्य निवासस्थान असावें. आणि खरेदीनंतर तीन वर्षांच्या आंत तें पूर्णपणें विकलेलें असावें. पति-पत्नींपैकीं कोणाचाही अंश त्यांत उरतां कामा नये. रक्कम आपोआप येत नाहीं. विक्रीपासून बारा महिन्यांच्या आंत अर्ज करावा. भाव चढेल या आशेनें जुनें घर भाड्यानें देऊन ठेवावें आणि तीन वर्षें उलटावीं, तर अगदीं अपवादात्मक कारणावांचून ते वीस हजार गेलेच.

आतां आपल्याकडील गोष्ट. हा कायदा जगांत कोठेंही असलेलें घर मोजतो. पुण्याच्या फ्लॅटमध्यें बापानें वात्सल्यापोटीं मुलाला हिस्सेदार केलें आणि त्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड वा अधिक भरली, तर लंडनला भाड्यानें राहणाऱ्या त्या मुलाचें तेथील पहिलें घरही 'दुसरें' ठरतें. (वारशानें आलेला निम्मा किंवा त्याहून लहान हिस्सा तीन वर्षेंपर्यंत धरीत नाहींत, जिवंतपणीं दिलेल्या हिश्श्याला ही सवलत नाहीं.) पुढें फ्लॅट विकला तरी, खरेदीपूर्वींच्या तीन वर्षांत मुलाचें मुख्य वास्तव्य तेथें नसेल, तर परतावा नाहीं. उलट, जो इंग्लंडमधील आपलें राहतें घर विकूनच त्याच्या जागीं नवें घेतो, त्याला पुण्याच्या फ्लॅटची बाधा होत नाहीं. तेव्हां कागदांवर मुलाचें नांव चढविण्यापूर्वीं त्याचा तिकडील बेत काय आहे, हें विचारून घ्यावें.

हे आंकडे इंग्लंड व उत्तर आयर्लंडपुरते आहेत. वेल्स व स्कॉटलंड यांचे कायदे निराळे असून स्कॉटलंडांत असा अधिभार डिसेंबर २०२४ पासून शेंकडा ८ आहे.