उलांडीची होडी आणि इंजिनाचा जोर

एकाच खोडातून कोरलेली किंवा फळ्यांनी बांधलेली अरुंद होडी पाणी सहज कापते, पण तितक्याच सहजपणे ती कलंडतेही. यावर कोकणच्या किनाऱ्यावर रूढ असलेला उपाय म्हणजे उलांडी. होडीपासून थोड्या अंतरावर, तिला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका दोन आडव्या दांड्यांना बांधून तरंगत ठेवतात, त्यालाच उलांडी म्हणतात. याच रचनेच्या होड्या पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस हवाई बेटांपर्यंत आढळतात. फिलिपाइन्समधील ‘बांगका’ या होडीला मात्र दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असतात आणि आज ती बहुधा इंजिनावरच चालते. वल्हे आणि शीड यांच्यासाठी घडलेली ही रचना इंजिनाच्या होडीला कशी लागू पडते, हे समजण्यासाठी तिच्यामागचे गणित पाहावे लागते.

होडी कलू लागते तेव्हा तिला परत सरळ करणारा जोर पाण्याच्या पातळीवरील तिच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मात्र सबंध होडी रुंद केली, तर पाण्याचा विरोधही वाढतो. उलांडी आधार दूर नेऊन ठेवते, त्यामुळे होडी अरुंदच राहते आणि तरफेच्या तत्त्वानुसार थोड्या उत्प्लावकतेतून, म्हणजे पाण्याच्या वर उचलणाऱ्या जोरातून, मोठा परिणाम साधतो. 110 मिलिमीटर व्यासाचा, दीड मीटर लांबीचा आणि दोन्ही टोके बंद केलेला पीव्हीसी पाइप पूर्ण बुडाल्यावर सुमारे 14 लिटर पाणी बाजूला सारतो. त्याचे स्वतःचे वजन वजा जाता उरणारा सुमारे 12 किलोचा जोर होडीच्या मध्यरेषेपासून 1.2 मीटरवर लागला, तर 60 किलो वजनाचा माणूस मध्यरेषेपासून साधारण पाव मीटर बाजूला सरकल्याने येणारा कल तो सावरू शकतो.

इंजिन बसवले की या हिशेबात नवे घटक येतात. होडीची दोन्ही टोके निमुळती असल्यास आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बाहेर टांगायचे इंजिन, मागच्या बाजूला आडव्या फळीवर लावावे लागते, त्यामुळे त्याचे वजन आणि पंख्याचा रेटा हे दोन्ही मध्यरेषेपासून बाजूला पडतात. एकाच उलांडीची होडी पाण्याच्या विरोधामुळे मुळातच उलांडीच्या बाजूला वळू पाहते. इंजिन त्याच बाजूला असेल, तर त्याचा रेटा ही ओढ काही अंशी भरून काढतो, पण त्याचे वजन उलांडीला खाली दाबते. शिवाय वेग वाढवताच होडीचा मागचा भाग खाली बसतो आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते. म्हणून दुहेरी उलांड्यांची उंची रिकामी होडी पाहून न ठरवता इंजिन, इंधन आणि माणसे चढल्यावर ठरवावी लागते. अशा भरल्या होडीत सरळ स्थितीत त्या पाण्याला जेमतेम टेकाव्यात, त्यांची पुढची टोके वर वळलेली असावीत आणि मागची टोके पंख्यापासून दूर राहावीत. पुढचे टोक लाटेत घुसले, तर उलांडीच होडीला एका बाजूला ओढू लागते.

वेग वाढतो तसा दांड्यांवर आणि जोडांवर येणारा ताणही झपाट्याने वाढतो. काथ्याच्या बांधणीत थोडी लवचीकता असल्यामुळे लाटेचा धक्का विभागला जातो. बोल्टने आवळलेल्या जोडांत तो एकाच छिद्राभोवती एकवटतो, म्हणून तेथे रुंद पट्ट्या लावून भार पसरवावा लागतो.

5 मीटर लांबीच्या होडीला ताशी 10 किलोमीटरच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेचा अडथळा ठळकपणे जाणवू लागतो, त्यामुळे त्यापुढे मोठ्या इंजिनातून मिळणारा वेग थोडा आणि जोडांवर येणारा ताण मोठा असतो. उलांडी संपूर्ण बुडाली की तिचा आधार आणखी वाढत नाही, त्यामुळे ती बसवल्यानंतरही होडीत किती भार चढवायचा आणि इंजिन किती शक्तीचे लावायचे, ही मर्यादा मूळ होडीच ठरवते.