फळ आजाऱ्याचेच कशाला?

सरकारी रुग्णालयात संध्याकाळी भेटीची वेळ झाली, की वॉर्डाच्या दारातून पिशव्या आत येऊ लागतात. पिशवीत बहुधा चार सफरचंदे असतात, कधी मोसंबी, कधी शहाळे, आणि बरेचदा रसाचा एखादा खोका. आणणारा पुष्कळदा रोजंदारीवर काम करणारा असतो. दिवसभराच्या कमाईतला मोठा भाग त्याने फाटकाबाहेरच्या हातगाडीवर खर्च केलेला असतो. घरी मुलांना फळे मिळतात का, असे त्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘घरी कशाला? घरी कोणी आजारी नाही.’

या उत्तरात आपल्या आहाराची एक जुनी खोड लपलेली आहे. अनेक मराठी घरांत फळ दोनच वेळा आठवते. कोणी अंथरुणाला खिळले की, किंवा उपवास असला की. एरवी फळ म्हणजे चैन. प्रत्यक्षात ताज्या फळांचा खरा उपयोग आजार झाल्यावर चार दिवस खाण्यात नाही. तो वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे खाण्यात आहे. आणि त्यासाठी महागड्या फळांची गरज नाही.

रोज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दिवसाला सुमारे २००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. जागतिक आरोग्य संघटनाही फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्याचा सल्ला देते. त्यात बटाट्यासारखे कंद धरायचे नाहीत.

१०० ग्रॅम फळ म्हणजे फार नाही. एक मध्यम केळे, एक लहान पेरू, एखादे संत्रे किंवा पपईच्या तीन-चार फोडी. टोपलीभर फळे आणून ती फ्रिजमध्ये सुकवण्यापेक्षा माणशी एक फळ रोज पोटात जाणे महत्त्वाचे.

आता भावाकडे पाहू. सफरचंदाला आपल्याकडे फार मान आहे. ते वाईट फळ नाही. सालीसकट खाल्ले तर त्यातून तंतुमय पदार्थ चांगले मिळतात. पण १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक. भारतीय पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे अर्धा पेरू खाल्ला तरी ती भागते. पेरूतले तंतुमय पदार्थही सफरचंदाच्या दुपटीहून जास्त असतात. हंगामात गाडीवर सर्वांत स्वस्त मिळणारे फळ बऱ्याचदा सर्वांत गुणी असते, ते असे.

पेरूने सर्दी होते, अशी अनेक घरांत समजूत आहे. सर्दी विषाणूंमुळे होते. पेरू थंडीत येतो आणि सर्दीही थंडीत वाढते, म्हणून दोष मात्र पेरूवर जातो.

भाकरीच्या जोडीला

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ५४ टक्के आढळले. बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या आपल्या जेवणात असूनही असे का होते? त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे, की वनस्पतीजन्य अन्नातले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. ते ज्या रूपात असते, ते बदलून शोषण्याजोगे करण्याचे काम क जीवनसत्त्व करते. मात्र त्यासाठी दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात.

म्हणून बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी खाताना जोडीला पेरूच्या फोडी, एखादा आवळा किंवा भाजीवर पिळलेले लिंबू असले, तर त्याच जेवणातून अधिक लोह मिळते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते, कारण चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. फळ हा गोळ्यांना पर्याय नाही, सोबत आहे. आणि हे फळ घरातल्या बाईच्या ताटात पडले पाहिजे. मुलांना आणि पुरुषांना वाटून उरले तर तिला, असा अनेक घरांतला हिशेब असतो. तो बदलल्याशिवाय ही आकडेवारी खाली येणार नाही.

चावून खा, गाळून नको

रुग्णाला ताकद यावी म्हणून रस काढून देण्याची पद्धत आहे. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गिळायला त्रास होत असेल तर ते ठीक. पण ज्याला चावता येते, त्याने फळ चावूनच खावे.

१९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना एकदा सफरचंदे, एकदा त्यांचा गर आणि एकदा रस दिला. तिन्हींतली साखर सारखीच होती. फळ खायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस पिऊन झाला. रसाने पोट भरल्याची भावना सर्वांत कमी झाली, रक्तातले इन्सुलिन जास्त वाढले आणि नंतर साखर झपकन खाली आली. फळातले तंतुमय पदार्थ साखरेला लगाम घालतात. रस गाळताना तो लगाम आपण चोथ्याबरोबर टाकून देतो.

एक पेला मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. एवढी मोसंबी एका बैठकीत कोणी सोलून खात नाही, पण रस मात्र दोन मिनिटांत संपतो. खोक्यातल्या रसांची गोष्ट आणखी निराळी. ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेल्या अनेक पेयांत पाणी आणि साखरच मुख्य असते. खोका उलटा करून घटकांची यादी वाचली, की ते कळते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तीन मोठ्या गटांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंदे आणि ब्लूबेरी, खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण कमी दिसले. फळांचे रस जास्त पिणाऱ्यांमध्ये मात्र ते वाढलेले दिसले.

मधुमेहात फळ बंद?

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण नेहमी भेटतात, ज्यांनी निदान झाल्या दिवसापासून फळ तोंडाला लावलेले नाही. त्याच वेळी दिवसातून तीन वेळा चहाबरोबर बिस्किटे किंवा खारी मात्र चालू असते, कारण ती ‘गोड नसतात’.

या प्रश्नावर चीनमधला मोठा अभ्यास उपयोगी आहे. तिथल्या दहा भागांतल्या सुमारे ५ लाख प्रौढांची सात वर्षे पाहणी झाली. जे रोज ताजी फळे खात, त्यांना नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांना आधीच मधुमेह होता, त्यांच्यापैकी आठवड्यात तीनपेक्षा अधिक दिवस फळे खाणाऱ्यांत मृत्यूचे आणि रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीचे प्रमाणही कमी होते. अशा पाहणीला मर्यादा असतात. फळे खाणारे लोक बहुधा अधिक सुस्थितीतले आणि तब्येतीला जपणारे असतात. संशोधक त्याचा हिशेब मांडतात, तरी तो फरक पूर्ण पुसता येत नाही. त्यामुळे फळाने मधुमेह बरा होतो, असा अर्थ काढू नये. पण फळ म्हणजे मधुमेह्याला विष, ही समजूत त्यातून नक्कीच खोटी ठरते.

मग कसे खावे? एका वेळी १०० ते १५० ग्रॅम, अख्खे, आणि शक्यतो दोन जेवणांच्या मधल्या वेळी. पेरू, पपई, संत्रे, जांभूळ, सफरचंद ही फळे सोयीची. केळे, चिकू, सीताफळ, आंबा यांत साखर जास्त असते. ती खायचीच असतील तर लहान वाटा घ्यावा आणि त्या वेळी भात-पोळी तेवढी कमी करावी. आंब्याच्या दोन फोडी चालतील, पुरीबरोबर वाट्यांवर वाट्या आमरस चालणार नाही. ग्लुकोमीटर घरी असेल तर फळ खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर तपासावी. आपल्याला कोणते फळ किती मानवते, ते त्यावरून समजते.

रक्तदाब आणि मूत्रपिंड

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या ‘डॅश’ नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरवून दिलेला आहार देण्यात आला. नेहमीच्या आहारापेक्षा भरपूर फळे-भाज्या खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ अंकांनी उतरला. फळे-भाज्यांच्या जोडीला कमी स्निग्धांशाचे दूध-दही आणि कमी चरबीचा आहार दिला, तेव्हा तो साडेपाच अंकांनी उतरला. फळांतले पोटॅशियम हे यामागचे एक कारण मानले जाते. मात्र पेरूवर तिखट-मीठ भुरभुरून खाल्ले तर हा फायदा आपणच कमी करतो.

हेच पोटॅशियम मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते. ते शरीराबाहेर टाकता आले नाही, तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा रुग्णांनी केळी, शहाळ्याचे पाणी, मोसंबीचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर त्यांनी पूर्ण टाळावे. त्यातला एक घटक मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूवर विषारी परिणाम करतो. वॉर्डात रुग्णाला काही भरवण्याआधी सिस्टरांना विचारा, असे सांगितले जाते ते याचसाठी.

ताजे म्हणजे काय?

१७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून त्यांना वेगवेगळी औषधे दिली. ज्या जोडीला संत्री आणि लिंबू मिळाले, ती काही दिवसांतच उभी राहिली. पुढे लिंडने हा रस आटवून टिकवण्याची युक्ती सुचवली, पण तापवण्यात त्यातला गुणच बहुतांश गेला. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. म्हणून फळ खाण्याच्या वेळीच कापावे. गाडीवर उघडी ठेवलेली, माश्या बसलेली कापीव फळे घेऊ नयेत. त्यांतून कावीळ आणि जुलाब विकत घेतले जातात. अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुतले, की पुरे.

फळ हंगामाचे घ्यावे. उन्हाळ्यात कलिंगड आणि करवंदे, पावसाच्या तोंडावर जांभळे, दिवाळीच्या सुमारास सीताफळे, थंडीत पेरू, बोरे, आवळे आणि संत्री. त्या त्या वेळी ती स्वस्तही असतात. रुग्णाला भेटायला जाताना चार सफरचंदांच्या पैशांत अधिक पेरू येतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यांतले दोन रुग्णाजवळ ठेवावेत आणि बाकीचे घरी न्यावेत. घरी कोणी आजारी नाही, हेच तर ते घरी नेण्याचे कारण आहे.