देव्हारा निघाला समुद्रापार

वऱ्हाडाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आमचा अमरावतीकर हसून म्हणेल, "पावसाचे ढग तिकडून येतात, एवढाच!" परवापरवापर्यंत आमचीही समजूत अशीच होती. ती दूर केली आमच्या ताईच्या देव्हाऱ्याने.

ताई अकोल्याला असते आणि तिची लेक, म्हणजे आमची भाची, मेलबर्नला. नव्या घरात आजीचा सागवानी देव्हारा हवा, असा भाचीचा हट्ट. आजी गेल्या, पण त्यांच्या हाताचे गंध अजून त्या लाकडावर होते. भावजींनी चार ठिकाणी चौकशी केली आणि ज्याने सर्वांत कमी भाडे सांगितले त्याच्या हवाली देव्हारा केला. त्याने ओळखीच्या सुताराकडून कच्च्या फळ्यांची पेटी ठोकून घेतली. पेटीत जागा उरली म्हणून ताईने समईशेजारी मेथीच्या बियांची पुडी गुपचूप सरकवली. यादीत मात्र लिहिली नाही!

पेटी मेलबर्नच्या बंदरावर अडली. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेटीचे लाकूड किडीसाठी ठरल्या रीतीने तापवलेले किंवा धुरी दिलेले असावे लागते. तापवायचे तर गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. आणि तसे केल्याचा ठसा फळीवर हवा. आमच्या पेटीवर ठसा नव्हता, आणि पुडी तर न सांगितलेली. पुडी नष्ट झाली, पेटी बदलावी लागली, गोदामाचे भाडे रोज चढू लागले. एजंटाला फोन केला तर उत्तर आले, "आमचं काम मुंबईपर्यंतच होतं." कागद काढून पाहिला तो त्यावर नाव भलत्याच कंपनीचे! दिवाळीत भाचीने पाटावर तसबीर मांडून पूजा केली. देव्हारा घरी पोचला तेव्हा तुळशीचे लग्नही होऊन गेले होते.

वास्तविक वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला आणि तेथून नावांनी कलकत्त्याला जात असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्याकडे पाहू लागल्या. १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, आणि आमच्या गाठी मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागल्या. पण रुईत सरकी, माती मिसळून आणि पाणी मारून वजन वाढवण्याचा धंदाही तेव्हा बोकाळला होता. त्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ साली खास कायदा करावा लागला. एकाच्या लबाडीने साऱ्या मुलखाच्या मालाचे नाव जाते, हे तेव्हाच कळले होते.

आज नियम वाढले, तरी मर्म तेच आहे: खरे वजन आणि खरी यादी. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे वजन पडताळून दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, कारण खोट्या वजनाने थर कोसळतात आणि खलाशांच्या जिवावर बेतते.

तेव्हा वाचकहो, समुद्रापार काही पाठवायचे असेल तर भाडे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. जहाजाच्या बिल्टीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, नाव कोणाचे आणि जबाबदारी कुठपर्यंत? घरापासून परदेशापर्यंतची वाहतूक एकाच करारात घेतो म्हणणाऱ्याची १९९३च्या कायद्याखाली नोंदणी आहे का? पलीकडच्या बंदरावरचे खर्च कोण भरणार, ते लेखी मिळेल का? आणि विमा आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा सुटकेच्या खर्चाचा वाटा त्यातल्या मालाच्या धन्यांवरही आला. माल शाबूत असला तरी! समुद्राचा हा फार जुना रिवाज आहे. विमा असला की तो भार विमा कंपनी उचलते.

आमचे वडील अडत्याकडे मुनीम होते. कापसाच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या हमालाचे बोल ते नेहमी सांगत, "भाडं मंग इचारजा, पयले गाडीवान पायजा!" भावजींना मी ते परवा ऐकवले. ते काही बोलले नाहीत, ताईच म्हणाली, "आणि पुडी बांधणाऱ्या बाईलाही पाहा म्हणावं!"

देव्हारा आता मेलबर्नला आहे. यंदाच्या दिवाळीत त्यापुढे समई लागेल. मेथी मात्र भाची तिथल्याच दुकानातून आणते.