वाळवणं, मीटरचा बोर्ड आणि वाद हवामानाचा

२०२५ सालचा मे महिना आमच्या घाटकोपरच्या बायका लवकर विसरणार नाहीत. गच्चीवर कुरडया घातल्या, दोन उन्हंसुद्धा नीट मिळाली नाहीत, तोच पाऊस हजर! एरवी मुंबईत मोसमी पाऊस यायचा तो जूनच्या दहा-अकरा तारखेला. त्या वर्षी वेधशाळेने तो २६ मे रोजीच आल्याचं जाहीर केलं. त्या एका मे महिन्यात कुलाब्याला २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ सालचा विक्रम मोडला. भिजून लगदा झालेल्या कुरडयांकडे पाहत सासूबाई म्हणाल्या, "आता काय, वाळवणं संक्रांतीलाच घालायची?"

नेमकी त्याच सुमारास आमच्या सोसायटीची सभा भरली. विषय साधाच होता. तळमजल्यावरचा विजेच्या मीटरचा बोर्ड आणि पाण्याचा पंप चार फूट वर चढवायचा की नाही? घरटी साडेतीन हजार वर्गणी येणार होती. पण चर्चा पाहता पाहता थेट पृथ्वीच्या तापमानावर गेली.

तिसऱ्या मजल्यावरचे एक तरुण गृहस्थ म्हणाले, "हे सगळं ग्लोबल वॉर्मिंग आहे. वीस वर्षांत अख्खं उपनगर पाण्याखाली जाणार. मीटर वर करून काय होणार?" त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका उसळले. "थोतांड आहे सगळं! १९७४ च्या ५ जुलैला कुलाब्याला एका दिवसात ५७५ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा कुठे होतं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग? पाऊस नेहमीच पडत आलाय. खर्च कशाला?"

मला मनातून हसू आलं. दोघं एकमेकांवर एवढे तुटून पडले होते, पण निष्कर्ष दोघांचा एकच: पैसे काढू नका!

मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगायचं तर तिथल्या तिथे मला उत्तर देता आलं नाही. सभा तहकूब झाली आणि मी घरी येऊन वाचायला बसले.

वाचायला कारणही तसंच होतं. २६ जुलै २००५ ला मी दहावीत होते. शाळेतून घरी आले ती कंबरभर पाण्यातून, दोन मैत्रिणींचे हात घट्ट धरून. आई दारात उभी होती, ती मला पाहून रडायलाच लागली. आमच्या चाळीचे मीटर पाण्याखाली गेले होते. पुढचे पाच दिवस आम्ही मेणबत्तीवर काढले. त्या पुरात मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली.

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला किती, तर अवघा ७३! एकाच शहरात, एकाच दिवशी. विहार तलावावर तर हजार मिलिमीटरच्या वर गेला. म्हणजे ढग उपनगरांवरच रिता झाला. आता या एका दिवसावरून पृथ्वी तापली असं सिद्ध होतं का? नाही होत. आणि काकांच्या १९७४ वरून ती तापलेली नाही, हेही सिद्ध होत नाही. एका दिवशी दूध उतू गेलं म्हणून सूनबाई वेंधळी ठरत नाही. महिनाभर रोज उतू जायला लागलं तर मात्र काहीतरी बिनसलंय.

तो 'महिनाभराचा' हिशेब पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मांडलेला आहे. तिथल्या बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मध्य भारतात पावसाळ्याचा एकूण पाऊस जवळजवळ तेवढाच राहिला, पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम, रिमझिम पावसाचे कमी झाले. पगार तोच, पण सगळा दोन दिवसांत उडवायचा आणि उरलेला महिना उसनवारी, तसं. पुढे २०१७ साली त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने दाखवलं, की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले. कारण आपला अरबी समुद्र. पाणी तापतं, वाफ जास्त होते आणि गरम हवा ती जास्त धरून ठेवते. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त.

पण शास्त्रज्ञ म्हणतील ते डोळे मिटून मान्य करायचं का? तसंही नाही. २००७ साली आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या जाडजूड अहवालात छापून आलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील. २००९ च्या नोव्हेंबरात भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी याला आक्षेप घेतला आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निबंध जाहीरपणे मांडला. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी तो जादूटोण्याचं शास्त्र म्हणून उडवून लावला. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, मंडळाला चूक कबूल करावी लागली. आकडा आला कुठून? एका नियतकालिकातल्या बातमीतून एका संस्थेच्या अहवालात आणि तिथून यांच्या ग्रंथात. नळावरच्या गप्पा अशाच पसरतात, नाही का? हिमनद्या वितळत आहेत हे खरंच आहे, पण त्या एका आकड्याने टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. २६ जुलैनंतर कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांना दोष दिला, कुणी निसर्गाला. सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची समिती नेमली. २००६ साली तिचा अहवाल आला. मुंबईची पावसाळी गटारं बांधलेली होती ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी, तीही ओहोटी असताना! ही क्षमता ५० करावी, असं १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालातच सांगितलं होतं. बारा वर्षं ते बहुतेक कागदावरच राहिलं. विहार-पवईहून माहीमला जाणारी मिठी नदी वाटेत भरावांनी आणि बांधकामांनी चेपली गेली, विमानतळापाशी तर तिला वळणं घ्यायला लावली. आकाशातून किती पडलं याचा वाद शास्त्रज्ञ घालोत; पडलेलं पाणी कुठे जाणार, याचा बंदोबस्त माणसांकडेच होता. 'हवामानबदल' हा शब्द पुढे केला की हा हिशेब विचारायचाच राहतो, आणि 'पाऊस नेहमीच पडतो' म्हटलं तरी राहतोच.

पुढच्या सभेला मी वही घेऊन गेले. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे सूनबाई, माझं ७४ सालही खरंच ना?"

"अगदी खरं, काका. आणि मुसळधार पावसाचे दिवस आता वाढलेत, हेही खरं."

तरुण गृहस्थांनी विचारलं, "वहिनी, मग वीस वर्षांत बुडणार की नाही?" मी सांगितलं, "ते माझ्या वहीत नाही. पण गुडघाभर पाण्यात बोर्ड बंद पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय."

हात वर झाले. बोर्ड वर चढवायचा ठराव पास झाला, वर्गणी दोन हप्त्यांत. पंपाचा खर्च ऐकल्यावर मात्र पुन्हा सगळे गप्प झाले. तो अजून खालीच आहे.